कानांची साक्ष

भिंगारच्या बाजारात ब्याऐंशी साली कोणत्या दुकानावर कोणत्या रंगाची पाटी होती, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. सायकलवाल्याची निळ्यावर पांढरी, भांडेवाल्याची पिवळ्यावर तांबडी आणि डॉक्टरची पांढऱ्यावर काळी, कारण डॉक्टरला वाटायचं की रंग बघून पेशंट घाबरतील. यातल्या निम्म्या पाट्या माझ्याच हातच्या. लोक मला पीर पेंटर म्हणतात. पीरमहंमद हे पूर्ण नाव रेशनकार्डावर आहे, आणि बायको चिडली की तिच्या तोंडी असतं. आता ब्रश सुटला. माझ्याच जुन्या दुकानात मुलगा तौफिक फ्लेक्स छापतो आणि मी खुर्ची टाकून त्याच्या अक्षरांना नावं ठेवतो.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी शुद्ध भोपळा. कान ठणठणीत आहेत, ऐकू सगळं येतं, पण टिकत काही नाही. तौफिकनं दुसऱ्या नंबरवरून फोन केला तर मी विचारतो, "कोण बोलतंय?" अम्मी जाऊन तीस वर्षं झाली. डोळे मिटले की तिच्या हनुवटीवरचा तीळ दिसतो, पीठ मळतानाचे हात दिसतात, पण ती मला हाक कशी मारायची, ते काही केल्या सापडत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. मला ब्रश धरायला शिकवणारे आमचे उस्ताद डोळा आणि कान यांच्यामध्ये चार बोटं ठेवून म्हणायचे, "पाहिलेलं आणि ऐकलेलं यांत एवढं अंतर असतं, बेटा." ते खऱ्याखोट्याबद्दल बोलत. माझ्या बाबतीत ती चार बोटं म्हणजे चार कोस निघाले.

हे सगळं आठवायचं कारण दगडू. दगडूभाई शेख, माझा लंगोटीयार. लष्कराच्या एका वर्कशॉपात सुतार होता. गेल्या डिसेंबरात गेला. त्याच्या बायकोची, मुबारकबीभाभींची, इद्दत, म्हणजे नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस, संपली आणि पेन्शनच्या कागदांची ये-जा सुरू झाली. तिथं घोळ निघाला. दगडू बायकोला लाडानं 'राणी' म्हणायचा. नोकरीला लागताना कारकुनानं बायकोचं नाव विचारलं, तर या पठ्ठ्यानं सांगून टाकलं, राणीबी! बाकी सगळ्या कागदांवर मुबारकबी. आता कचेरी म्हणते, दगडूभाईंची बायको राणीबी, तर ही मुबारकबी कोण? निकाहनामा दाखवा. निकाहनाम्याचा पत्र्याखालच्या पेटीत भिजून लगदा झालेला, आणि त्या वेळच्या काझींच्या वहीला वाळवी लागलेली. उरला एकच मार्ग, निकाहाच्या साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. दोन साक्षीदारांपैकी जिवंत म्हणाल तर मी एकटा.

दगडूची मुलगी अरफा कागद घेऊन दुकानात आली. "चाचा, शुक्रवारी सकाळी नगरला कोर्टात नोटरीपुढं सही करायची. तवर वाचून ठेवा फक्त."

वाचलं. तारीख बरोबर, गाव बरोबर, नवऱ्यानं नवरीला द्यायची मेहरची रक्कम बरोबर. मग शेवटून दुसरी ओळ आली. "सदर निकाहाच्या वेळी वधूने दिलेली संमती मी समक्ष हजर राहून स्वतःच्या कानांनी ऐकली आहे, हे मी ईश्वरसाक्ष खरे सांगतो." तिथं माझं बोट अडकलं.

आमच्यात निकाहाआधी एक वकील आणि दोन गवाह नवरीची परवानगी विचारायला जातात. हा वकील काळ्या कोटाचा नव्हे, नवरीचाच कुणीतरी मामू नाहीतर चाचा. नवरी पडद्याआड बसते. वकील विचारतो, अमक्याचा मुलगा तमका, एवढ्या मेहरवर, कबूल आहे का? ती कबूल म्हणते, गवाह ऐकतात आणि मांडवात येऊन काझींना तसं सांगतात. म्हणजे गवाहाचं काम एकच, ऐकायचं. त्या कामासाठी दगडूनं अख्ख्या भिंगारातून नेमका मला निवडला होता. दोस्तीत माणूस आंधळा होतो म्हणतात ते उगाच नाही.

त्या दिवसाचं चित्र माझ्यापाशी कोरं करकरीत आहे. एकोणीसशे पंचाहत्तर, दिवाळीनंतरचा आठवडा, श्रीगोंद्याजवळचं मुबारकबीभाभींचं गाव. मांडवाच्या खांबांना ऊस बांधलेले. नवरीचे वडील साखर कारखान्यात कामाला, त्यामुळं मधल्या खोलीच्या दाराला पडदा म्हणून कारखान्याचाच एक जुना कापडी फलक लावलेला. फलकाची उलटी बाजू आमच्याकडं. मी तेव्हा उस्तादांकडं काचेवर लिहायला शिकत होतो. दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूनं उलटी अक्षरं काढावी लागतात, म्हणजे बाहेरून सुलटी दिसतात. त्यामुळं उलटं अक्षर दिसलं की माझे डोळे हावरे व्हायचे. आतल्या उजेडात 'गळीत हंगाम शुभारंभ' उलटं उमटलेलं. 'भा'चा काना वाकडा, 'हं'वरचा रंग खाली ओघळलेला. पडद्याखालून नवरीच्या मेंदीच्या पावलांची बोटं दिसत होती. वकील म्हणून आलेल्या मामूंची तांबडी टोपी, दुसऱ्या गवाहाची पितळी मुठीची काठी, सगळं आहे. फक्त आवाज नाही. मूकपट.

"तौफिक," मी म्हणालो, "ही ओळ काढायला सांग."

त्यानं कागद बघितला. "का? लग्न झालं न्हवतं का?"

"झालं की."

"मग?"

"मी ऐकलं असं इथं लिहिलंय. मला ते ऐकल्याचं आठवत नाही."

"अब्बा, ही फॉर्मची भाषा असती! पन्नास जणांच्या कागदावर हीच ओळ असल. नोटरी तुमचे कान तपासनार हाय का?"

"पन्नास जणांचं ते बघून घेतील. ईश्वरसाक्ष मला सांगायचंय."

तौफिक शांत पोरगा आहे. त्यानं मशीन बंद केलं आणि माझ्यासमोर येऊन बसला. "तुमचं इमान ऱ्हाईल. पन चाचीनं काय करायचं? तुमी सही केली न्हाई तर त्यांच्याकडं दुसरा मानूस न्हाई."

ते खरं होतं आणि ते मला लागलं. दोन दिवस मी आठवत बसलो. डोळे मिटून त्या पडद्यासमोर किती वेळा उभा राहिलो असेन. वाकडा काना दिसायचा, ओघळलेला रंग दिसायचा, पुढं काही नाही. मग एक भलतीच शंका आली. त्या दिवशी मांडवात येऊन काझींना मी "हो, ऐकलं" म्हणालो होतो, मान डोलावली होती. ती कशावर? आत असताना लक्ष सगळं अक्षरांवर. समजा, मी तेव्हाही ऐकलं नव्हतं, नुसती मामूंच्या मागोमाग मान हलवली, तर? ज्या घरात पन्नास वर्षं मी ईदचा शिरखुर्मा खाल्ला, त्या घराच्या पायातला एक दगड मी खोटा बसवला की काय?

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर मी भाभींकडं गेलो. हे तोंडानं सांगायला हवं होतं, अरफाच्या हाती निरोप देऊन भागण्यासारखं नव्हतं.

मुबारकबीभाभी म्हणजे हळू बोलणारं माणूस. इतकं हळू की दगडू चिडून म्हणायचा, "अगं, मी सुतार हाय, दिवसभर ठोकाठोक ऐकून आलोय, जरा मोठ्यानं बोल." पन्नास वर्षांत त्यांचा आवाज माझ्या कानावर पडला असेल तो "चहा ठेवलाय" एवढाच, तोही दाराआडून. त्यांनी चहा आणला, अरफाला आत पाठवलं आणि समोर बसल्या.

"भाभी, मला त्या कागदावर सही करता येत नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "म्हंजी मी कबूल म्हनलेच न्हाई, असं म्हनता?"

"तसं नाही. तुम्ही म्हणाला असणार. मला आठवत नाही."

"मंग आठवतंय काय?"

मी सांगितलं. फलक, उलटी अक्षरं, वाकडा काना, मेंदी. आणि खरं सांगतो, सांगताना मला थोडी ऐटही वाटली, इतकं बारीक मी सांगत होतो. त्यांचा चेहरा बघितला आणि ऐट उतरली.

"कारखान्याच्या फडक्यावरचा काना ध्यानात हाय," त्या म्हणाल्या. आवाज तसाच हळू होता. "आन मी जल्मात एकदा चार मान्सांत तोंड उगाडलं, त्ये तुमाला ऐकायलाच नेलं हुतं, त्ये न्हाई ध्यानात."

मी हातातला कप खाली ठेवला.

"माजं उलटं हाय," त्या म्हणाल्या. "वढनी गळ्यापत्तुर वढलेली, मला कायबी दिसत न्हवतं. माजा समदा निकाह कानातच हाय. हिरीवरचं इंजन चालू हुतं. पोरं ऊस सोलीत हुती. मामूंना दमा, त्येंचा श्वास वाजायचा. खालाजान कानाशी लागून सांगत हुती, पयल्यांदा इचारलं तर गप बस, दुसऱ्यांदा बी गप बस, तिसऱ्यांदा हळूच हं म्हन. घाई केली की मान्सं नावं ठेवत्यात."

"रीतच होती ती."

"व्हय, रीत. पन माजा जीव थाऱ्यावर न्हवता, भाईजान. आदुगर एका बिजवराची जागा आल्ती. माज्या बापानं त्येला हो म्हनत आनलं हुतं. तवर ह्ये आमच्याकडं दाराची चौकट बसवाया आले. दोन दिस काम चाललं. मी आतनं बघितलं." एवढं बोलून त्या थांबल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, पण गाल लाल झाले. "मंग ह्यांच्या घरनं मागनं आलं. मला वाटलं, मी गप बसले आन ही मान्सं उठून गेली तर? मामूंनी एकडाव इचारलं, आन मी म्हनले. चांगलं मोठ्यानं."

"मोठ्यानं?" मला पटेना.

"मांडवात ऐकू जाईल एवढं. आन मंग एक मानूस हसला."

मी मान वर केली.

"खो खो हसला. मामू म्हनले, हसतूस काय, ही काय तमाशाची जागा हाय? पन मागं बायकांनी ऐकलंच. त्याबी हसाया लागल्या. सासरी आले तर माज्या आदी ती गोष्ट येऊन बसलेली. घाईची नवरी आली म्हनायच्या. सासू जाईस्तवर मला घाईचीच म्हनायची. तवापासनं मी कदी आवाज चढवला न्हाई." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "कोन हसलं त्ये मला दिसलं न्हाई. ह्यांना कदी इचारायचं धाडस झालं न्हाई. पन त्ये हसू आजबी कानात हाय."

माझ्या चित्रात आणखी एक तुकडा आहे. तो मी कुणाला सांगत नसे, कारण त्याला काही अर्थच नव्हता. मामू गर्रकन माझ्याकडं वळलेत, डोळे तांबडे, ओठ हलतायत. मी समजत होतो की मी फलकाला बोट लावून ओघळलेला रंग तपासत होतो, म्हणून ते रागावले. आणि त्यांच्या मागं तो काठीवाला गवाह, कानामागं तळहात धरून मामूंना काहीतरी विचारतोय. म्हातारा ठार बहिरा होता, हे मला नंतर जेवताना कळलं. म्हणजे एक गवाह बहिरा आणि दुसरा अक्षरं वाचत बसलेला. पडद्याबाहेर पुरुष तिघेच. मामू रागावणारे, म्हातारा बहिरा.

"भाभी," मी म्हणालो, "तो मी होतो."

त्यांनी पदर खाली केला.

"मामूंचा रागावलेला चेहरा मला दिसतोय. माझ्याकडं बघून रागावलेत. पन्नास वर्षं दिसतोय, पण का रागावले ते ठाऊक नव्हतं. मीच हसलो होतो."

आत अरफानं नळ बंद केला, ती बहुतेक ऐकत होती.

"का हसला हुता?" भाभींनी विचारलं.

तोंडावर एक गोड उत्तर आलं होतं. तुमच्या धिटाईचं कौतुक वाटलं म्हणून हसलो, असं म्हटलं असतं तर कुणी पकडलं नसतं. पण सही करायला नको म्हणून आलेला माणूस मी, इथं कसं खोटं बोलू? "ठाऊक नाही," मी म्हणालो. "तुमचा शब्द गेला, त्याच्याबरोबर कारणही गेलं. मी एकवीस वर्षांचा होतो, गाढव होतो. पण त्यानंतरचं दिसतंय. सांगू?"

त्यांनी मान हलवली आणि मी सांगायला लागलो.

"मी मांडवात आलो ते सरळ दगडूकडं. काझींच्या आधी. तोंडावर झेंडूचा सेहरा होता त्याच्या. मी वाकून कानाशी काहीतरी बोललो. काय ते विचारू नका, पण आतून आलेला माणूस त्या वेळी दुसरं काय सांगणार? दगडूनं दोन बोटांनी सेहरा बाजूला केला. कान लालबुंद झालेले. खालचा ओठ दातात धरलेला, हसू दिसू नये म्हणून. पण ते डोळ्यांतून बाहेर पडत होतं. शेजारी त्याचे वडील बसले होते, त्यांच्या भीतीनं त्यानं मान खाली घातली आणि उगाच गादीवरचा तांदूळ वेचायला लागला. एक एक दाणा. तांदूळ संपले तरी बोटं चालूच."

भाभींनी डोळे मिटले होते. "खालचा व्हट?"

"खालचा. दातात धरलेला."

"मला त्ये कायच दिसलं न्हाई," त्या म्हणाल्या. "निकाहानंतर नवरा-नवरीनं एकमेकाला आरशात बघायची येळ आली तवा तर त्यांचं त्वांड गंभीर. मला वाटलं, ह्यांना बी राग आला माज्या घाईचा." मग त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "परत सांगा."

मी परत सांगितलं. सेहरा, कान, ओठ, तांदूळ. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. या वेळी त्या रडल्या आणि मीही रडलो. दगडू गेल्यापासून मी तसा रडलो नव्हतो.

"भाभी, माफ करा मला."

"पन्नास वर्सं त्या हसनाऱ्याला म्या शिव्या घातल्या, भाईजान. रोज न्हाई, पन घातल्या."

"लागल्या असणार. दोन्ही गुडघे गेलेत माझे."

त्यांना हसू आलं. मग त्यांनी माझ्यापुढचा गार झालेला चहा उचलला आणि दुसरा आणायला आत गेल्या.

शुक्रवारी सकाळी आम्ही तौफिकच्या गाडीतून नगरला गेलो. कोर्टाच्या आवारात ही गर्दी. टायपिस्ट टेबलं टाकून बसलेले, लोक कागद धरून उभे. व्हरांड्यालगतच्या खोलीत नोटरीसाहेब घाईत होते. त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "काका, वाचलंय ना? इथं सही, इथं अंगठा."

"वाचलंय. एक ओळ वाढवायची आहे."

तौफिकनं कपाळाला हात लावला.

"कुठली ओळ?"

"माझ्या कानांनी ऐकली आहे, याच्या पुढं लिहा, ती ऐकून मी हसलो होतो."

नोटरीसाहेबांनी चष्मा काढला. "काका, प्रतिज्ञापत्रात असं कोणी लिहितं का? कचेरीत हे कोणी वाचणारही नाही. उगाच कशाला?"

"साहेब, त्या दिवशीचा एक शब्द माझ्या लक्षात नाही. मी ऐकलं होतं याचा माझ्यापाशी पुरावा एवढाच आहे, की मी हसलो. हसलेला माणूस ऐकल्याशिवाय हसत नाही. ते लिहा, मी लगेच सही करतो. ते नसेल तर मला सही करता येत नाही."

"अहो, पण वाईट दिसतं ते. बाईंना तरी बरं वाटेल का?" त्यांनी दाराजवळच्या बाकाकडं बघितलं. तिथं अरफाशेजारी भाभी बसल्या होत्या.

भाभी उठल्या. अरफा त्यांचा हात धरायला गेली, त्यांनी तो सोडवला. टेबलापाशी यायची वाटही बघितली नाही, तिथूनच बोलल्या. त्या आवाजानं टायपिस्टचे हात थांबले आणि बाहेर व्हरांड्यातली माणसं वळून आत बघायला लागली.

"लिव्हा! आन मी पयल्याच खेपेला कबूल म्हनले हुते, त्येबी लिव्हा!"